दुसरी पसंती

१४ फेब्रुवारी २०२१, रविवार. सँट्री

माणसाला काम मिळालं की भूक लागते. आज एक भाकरी जास्त खाल्ली, तर सूनबाई चित्रा बघतच राहिली.

गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडं, ज्ञानेशकडं, डब्लिनला आलो आणि कोरोनानं बाहेरून कडी घातली. वर्ष झालं, या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून विमानतळाकडं बघतोय. आमच्यासारख्या अडकलेल्यांची परवानगी इथलं सरकार आपोआप वाढवतं, तेवढं एक बरं. सुहासिनी, म्हणजे आमची ही, आलीच नव्हती. गुडघे दुखतात, घर बंद ठेवायला नको, तुम्ही जाऊन या, म्हणाली. ती तिकडं फलटणला एकटी आणि मी इकडं. नोव्हेंबरात निघणार होतो, ते विमानच रद्द झालं. आता चोवीस मार्चचं तिकीट हातात आहे.

आजची बातमी वेगळीच. जेवताना चित्रा हळूच म्हणाली की ती लिफी मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहायचं म्हणतेय. ज्ञानेशनं तोंडातला घास तसाच ठेवून तिच्याकडं पाहिलं. ही पोरगी मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसणारी, बेडरूममध्ये लॅपटॉप लावून दिवसभर ऑफिस करणारी. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. मागच्या वर्षी इथं शिकायला आलेल्या एका मुलीचे वडील नाशिकला गेले. मंडळानं तिला ग्रुपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि विषय संपला. चित्रा म्हणते, आपल्यातल्या प्रत्येकाचं गावाकडं कुणी ना कुणी ओळखीचं आहे. ती माणसं एकमेकांना जोडली तर एकट्या म्हाताऱ्यांना औषध, डबा, डॉक्टर मिळेल. नावही ठरवलंय, 'घरची माणसं'.

मंडळात दोन पॅनेल. समोरच्या पॅनेलात आता चार टाळकी उरलीत, म्हणजे आपल्या पॅनेलनं ज्याला उमेदवारी दिली तोच अध्यक्ष. खरी लढाई पॅनेलच्या आतच. तीन जण इच्छुक. यशोधन, ग्रँड कॅनाल डॉकच्या मोठ्या कंपनीतला, गातो, दिसतो, गणपतीत पुढं पुढं असतो. दुसरा अभिजित, वॉटरफोर्डचा डॉक्टर. तिसरी आमची चित्रा.

मी म्हटलं, उभी राहा, बाकीचं माझ्यावर सोड. तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्यात मी. नगराध्यक्षपदाचं तिकीट दोनदा हातातोंडाशी येऊन गेलं. कसं जातं ते मला ठाऊक आहे, म्हणजे कसं मिळवायचं तेही ठाऊक आहे.

२८ फेब्रुवारी

झूमवर पॅनेलची बैठक झाली. चित्राचं भाषण म्हणजे नमनाला घडाभर तेल. मुद्द्यावर येईपर्यंत निम्म्या लोकांनी कॅमेरे बंद केले. यशोधननं एक कडवं गाऊन सुरुवात केली आणि मैदान मारलं.

संध्याकाळी फोन करून अंदाज घेतला. यशोधन पुढं, अभिजित त्याच्यामागं, आणि चित्रा कुठंच नाही. ज्ञानेश म्हणाला, "बाबा, तिला उगाच हरायला कशाला लावताय?" त्याला काय कळतंय. तो संगणकातला माणूस, त्याला शून्य आणि एक एवढंच समजतं.

मतदानाची पद्धत मात्र भारी आहे. या आयरिश लोकांचं बघून मंडळानं घटनेतच घालून घेतली. प्रत्येकानं तिघांना पसंती द्यायची, पहिली, दुसरी, तिसरी. जो सगळ्यात मागं तो बाद, आणि त्याच्या मतदारांची दुसरी पसंती उरलेल्या दोघांत वाटायची. मला हे ऐकून आमच्या बँकेची निवडणूक आठवली. आपल्या माणसाचा स्वभाव असा की पहिल्या मागणीला तो नाही म्हणतो, पण लगेच दुसरी छोटी मागणी केली की भिडेखातर हो म्हणतोच. म्हणजे मी फोन करायचा, पहिलं मत मागायचं, समोरचा ओशाळून "काका, यशोधनला शब्द दिलाय हो" म्हणणार. मग म्हणायचं, असू दे, दुसरं तरी द्या पोरीला. दुसऱ्याला कोण नाही म्हणतंय?

यशोधनच्या माणसांची दुसरी पसंती उपयोगाची नाही, तो बाद होणारच नाही. मासा आहे अभिजितच्या माणसांत. फक्त आधी चित्रानं अभिजितच्या पुढं निघायला हवं.

हिला फोनवर सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चोवीसला येताय ना पण?"

११ मार्च

तिकीट पुढं ढकललं. निवड नऊ मेला ठरली. मी चोवीस मार्चला निघालो तर ही गाडी चालवणार कोण? ज्ञानेश म्हणाला आईला तुम्हीच सांगा. सांगितलं.

मग म्हणाली, लशीसाठी नाव नोंदवायला शेजारची सुरेखा आली होती, तिला सांगितलंय की हे आले की दोघं जोडीनं घेऊ. म्हटलं बरोबर केलंस, मे महिन्यात जोडीनंच घेऊ. लग्नानंतर देवळातसुद्धा एकटी गेली नाही ती.

फोन ठेवताना म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची तुमची सवय काही जात नाही." पण रागानं नाही म्हणाली.

२९ मार्च, धुळवड

पंधरा दिवस काही लिहिण्यासारखं नव्हतं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. सँट्रीच्या बागेत फेऱ्या मारायच्या आणि फेऱ्या मारता मारता फोन करायचे. लोक माझ्याशी बोलतात. या पोरांना घरी फोन केला की आईवडील तब्येतीची रडगाणी सांगतात, मी तसलं काही सांगत नाही, मजेचं बोलतो. एक पुण्याची यामिनी म्हणून आहे, ती तर म्हणाली, काका, तुमच्याशी बोलून क्रॅक आला. इथं क्रॅक म्हणजे मजा.

चित्रानं 'घरची माणसं' सुरूच करून टाकलं, निवडीची वाट न बघता. मी म्हटलं थांब, आधी पद मग काम. ऐकलं नाही. आणि झालं काय, तर कोथरूडमध्ये एकाच्या आईला औषध वेळेवर पोचलं. त्यानं ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींनी जे केलं ते माझ्या महिनाभराच्या फोनांनी केलं नव्हतं. मी कबूल करतो.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

बाल्कनीत गुढी उभी केली. वारा असा की तांब्या धरून उभं राहावं लागलं. नात स्वराली म्हणते, "आजोबा, इट्स ग्रँड, लेट गो." सोडला असता तर खालच्या गाडीवर पडला असता.

हिनं मात्र घरी गुढी उभारली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणे काठी उचलवली नाही. रुसलीय, दुसरं काय. मी नसलो की सणाला तिचा असाच असहकार असतो.

तिकडं आजार भयंकर पसरलाय. पुण्यात, साताऱ्यात खाटा मिळत नाहीत. त्यामुळं चित्राचा फोन एक मिनिट ठेवायला सवड नाही. वॉटरफोर्डच्या नर्सबाई भार्गवी, अभिजितची खंदी समर्थक, तिच्या वडिलांना चित्राच्या माणसांनी नागपुरात खाट मिळवून दिली. भार्गवीनं स्वतः फोन केला. मी पहिलं मत मागायच्या आधीच म्हणाली, काका, मी आणि आमच्या वॉर्डातल्या सगळ्या चित्रालाच.

हे वाईट काळातलं भाग्य. असं लिहू नये, पण लिहिलं.

२१ एप्रिल

आज चित्राशी वाजलं. म्हणजे वाजलं असं नाही, ती मोठ्यानं बोलतच नाही.

हिला घसा धरलाय, थोडा ताप आहे. चित्रा म्हणाली आईंचं नाव लगेच 'घरची माणसं'मध्ये घालते. फलटणला आपलं कुणी नाही, पण लोणंदचा एक मुलगा बोटाला लावायचं यंत्र घेऊन येईल आणि तपासणीला घेऊन जाईल. मी म्हटलं, अजिबात नाही. तिनं विचारलं का. मी तिला नीट समजावलं. ऐन निवडीच्या तोंडावर आपल्याच घरचं नाव घातलं तर लोक काय म्हणतील? यशोधनची माणसं टपूनच बसलीत. म्हणतील, बघा, सासूसाठी केलं सगळं. ज्यांना काही मिळालं नाही ते तर जाहीर बोलतील. राजकारणात चपलेचा आवाजसुद्धा होऊ द्यायचा नसतो.

"बाबा, दिव्याखाली अंधार नको," चित्रा म्हणाली.

मी म्हटलं साधा घसा आहे, मी बघतो, नरेंद्रला सांगतो. नरेंद्र म्हणजे हिचा धाकटा भाऊ, साताऱ्यात असतो. चित्रानं ज्ञानेशकडं पाहिलं. ज्ञानेश म्हणाला, बाबांना माहीत असेल. पोरगा पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलला.

२६ एप्रिल

अभिजितशी थेट बोललो. माणूस सरळ आहे. दिवसरात्र ड्यूटी करून थकलाय, आवाजातच कळत होतं. म्हणाला, काका, मी मागं घेणार नाही, पण माझ्या लोकांना सांगेन की दुसरी पसंती चित्राला द्या. हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आता गणित बसतंय. पहिल्या फेरीत चित्रा अभिजितच्या किंचित पुढं निघाली पाहिजे. दुसऱ्या फेरीत त्याची मतं तिच्याकडं आली की यशोधन गारद. दोन महिन्यांपूर्वी मला वेड्यात काढणारा ज्ञानेश आज स्वतः कागदावर आकडेमोड करत होता. मी चहा मात्र दोनदा मागितला.

३० एप्रिल

हिच्याशी बोललो, पण थोडंच. एक वाक्य बोलते, थांबते, मग दुसरं. म्हटलं, एवढं तोडून तोडून का बोलतेस? म्हणाली जिना चढून आले. आमच्या घराला जिना कुठाय? देवळात गेली असेल.

नरेंद्रला सांगायचं राहिलं होतं, आज सांगितलं. उद्या जातो म्हणाला.

हिनं पुन्हा विचारलं, "कधी येणार तुम्ही?" म्हटलं, नऊला निवड, दहाला तिकीट बघतो. आता भारतातून इथं परत येणाऱ्याला हॉटेलात कोंडून ठेवणार आहेत, पण मला परत यायचंय कशाला? सगळं हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, होऊ द्या मग चित्राचं आधी. मी पडत्या फळाची आज्ञा समजलो.

४ मे

नरेंद्रनं हिला साताऱ्याला दवाखान्यात नेलंय. फलटणला जागा मिळाली नाही. ऑक्सिजन लावलाय. नरेंद्र म्हणतो, डॉक्टर म्हणाले आणायला उशीर झाला, पण डॉक्टर असं म्हणतातच.

बराच वेळ बागेत बसून होतो. काय करायचं? ज्ञानेशला सांगितलं तर तो उठून निघेल, विमान मिळो न मिळो. चित्रा सगळं सोडून देईल. आणि इथून आम्ही तिघं काय करणार आहोत? हात लावता येत नाही, जवळ बसता येत नाही. पाच दिवसांचा प्रश्न आहे. ती बरी होऊन घरी येईल आणि चित्रा उमेदवार झालेली असेल, मग दोन्ही बातम्या एकदम सांगता येतील. हिनं स्वतःच म्हटलंय, चित्राचं होऊ द्या आधी.

घरी सांगितलं, आईचा मोबाइल पाण्यात पडलाय. नरेंद्र दुरुस्तीला टाकणार आहे.

७ मे

ज्ञानेश दोनदा म्हणाला, मामाच्या फोनवर आईशी बोलतो. मी म्हटलं मामा तिला भेटून साताऱ्याला परत गेला. आता किती खोटी बोललो त्याचा हिशोब ठेवायचा सोडून दिलाय. रविवारी सगळी एकदम परत घेईन.

यशोधनचा फोन आला होता, मलाच. म्हणाला, काका, काही झालं तरी रविवारनंतर आपण एकच. चांगल्या घरचा मुलगा आहे. पण शत्रू गोड बोलायला लागला की समजावं तो घाबरलाय.

९ मे, रविवार, सकाळ

नरेंद्रचा फोन आला तेव्हा बाकीचे झोपले होते. गेली म्हणाला. त्यालाच रडू आवरेना, "दाजी, अक्का गेली हो" एवढंच चार वेळा म्हणाला.

वही काढली. लिहिलं की डोकं ताब्यात येतं.

मी बाथरूममध्ये जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आलो तर चित्रा उठली होती. "बाबा, आज इतक्या लवकर अंघोळ?" म्हटलं आज महत्त्वाचा दिवस आहे. तिनं वाकून नमस्कार केला. मला तिच्या डोक्याला हात लावायचा नव्हता, लावला.

निवड चार वाजता. आता विचार करायचा तो नीट करायचा. ज्ञानेशला आता सांगितलं, की घरात लगेच सुतक येणार. सुतकात चित्रा पदाच्या बैठकीला बसणार नाही, त्याला ते चालायचं नाही आणि तिलाही नाही. पण शास्त्र असं सांगतं की लांबच्या माणसाला सुतक कळल्यापासून. ज्याला कळलं नाही त्याला लागलं नाही. आमच्या तालुक्यात एकानं चुलता गेल्याची तार अर्ज भरेपर्यंत खिशात ठेवली होती आणि सगळ्यांनी त्याला शहाणाच म्हटलं. सुतक मला लागलं. त्यांना संध्याकाळी लागेल.

दुसराही एक मार्ग होता. आता ग्रुपवर बातमी टाकली तर सहानुभूतीची लाट येईल आणि चित्रा पहिल्याच फेरीत निवडून येईल, हे मला डोळे झाकून सांगता येतं. पण हिच्या नावावर मत मागणार नाही. तेवढा नीच मी नाही.

दुपार

नरेंद्रचा परत फोन. स्मशानात रांग आहे, इथले चार वाजतील. म्हणाला, पालिकेची माणसं लांबून बघू देतात, व्हिडिओ लावतो, ज्ञानेशला जवळ बसवा. मी म्हटलं नको, नेटवर्क चांगलं नाही इथं. तो म्हणाला, कुणीच बघणार नाही का? मी म्हटलं, तू आहेस ना.

आज देवपूजा केली नाही. चित्रानं विचारलं, पाठ धरलीय म्हणून सांगितलं. तिनं उशी आणून दिली.

संध्याकाळ

जिंकली.

चार वाजता ज्ञानेशनं झूम सुरू केलं, मंडळाचं संगणकाचं काम त्याच्याकडंच, म्हणून पडद्यावर मतंही तोच दाखवत होता. पहिली फेरी, यशोधन पुढं, चित्रा अभिजितच्या दोनच मतांनी पुढं. दोनच. अभिजित बाद. त्याची मतं एकेक करून येताना मी टेबलाची कडा धरून बसलो होतो. आली, सगळीच्या सगळी आल्यासारखी आली. कुणाला वाटलं होतं? शेवटची होती, पहिली आली. यशोधननं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

ज्ञानेशनं दूध पावडरचे पेढे केले होते. चित्रा म्हणाली, पहिला बाबांना. तिनं माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला.

मग ती म्हणाली, "आता आईंना सांगू. मामांच्या फोनवर लावते, त्यांना म्हणावं लगेच फलटणला जा." मी थांब म्हणेपर्यंत तिनं लावलासुद्धा आणि स्पीकरवर ठेवला. नरेंद्र स्मशानातून बाहेर पडत होता. तिचा हसरा आवाज ऐकून त्याला काही कळेना. म्हणाला, "चित्रा, अगं दाजींना मी सकाळीच सांगितलं ना."

पुढचं लिहिता येत नाही.

१० मे

ज्ञानेशनं मला एकच गोष्ट विचारली, किती वाजता कळलं. सांगितलं. त्यानं मान हलवली, ऑफिसात आकडा बरोबर आला की हलवतो तशी. तेव्हापासून बोललेला नाही. घरी जायचं तर विमान नाही, आणि कुणासाठी जायचं, असं तो चित्राला स्वयंपाकघरात म्हणत होता.

चित्रानं रात्रीच ग्रुपवर लिहिलं, मी ही उमेदवारी सोडते. कारण लिहिलं नाही. मी म्हटलं, अगं, जिंकलेली उमेदवारी अशी कुणी सोडतं का, सुतक दहा दिवसांचं असतं, पद दोन वर्षांचं. ती म्हणाली, "बाबा, लोणंदचा मुलगा एकवीस तारखेला मोकळा होता." आणि आत गेली.

यशोधनचा फोन आला, त्याला चित्रानं सगळं सांगितलं होतं. रडत होता. म्हणाला, काका, सकाळी एक फोन केला असता तर मी स्वतः निवड पुढं ढकलली असती, कोण नाही म्हणालं असतं? हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. तीस वर्षांत असला विरोधक मी बघितलाच नाही, तर लक्षात कसं येणार?

१८ मे, दहावा दिवस

गुरुजी फलटणहून झूमवर होते. ज्ञानेशनं बाल्कनीत भाताचा पिंड ठेवला. समोरच्या गाड्या लावायच्या जागेच्या भिंतीवर कावळे होते, इथं भरपूर आहेत, पण एकही जवळ येईना. थोड्या वेळानं एक पांढरा समुद्रपक्षी आला आणि अख्खा पिंड उचलून घेऊन गेला. मी गुरुजींना म्हटलं, धरा की हाच. ते म्हणाले, कावळाच लागतो, दुसरा ठेवा.

दुसरा ठेवला. गुरुजी म्हणाले, तिची काही इच्छा राहिली असेल, बोला मोठ्यानं. ज्ञानेश काही बोलेना, म्हणून मी पुढं झालो. म्हटलं, चित्रा पुढच्या खेपेला परत उभी राहील. कावळे तिथंच. म्हटलं, मी लस घेईन. फलटणचं घर विकणार नाही. सुरेखाला तुझी पैठणी देऊ. स्वरालीला मराठी लिहायला शिकवीन. 'घरची माणसं' बंद पडू देणार नाही. एक कावळा कठड्यापर्यंत आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. मतदारसुद्धा एवढ्या आश्वासनांना बधतो.

मग ज्ञानेश नऊ दिवसांनी माझ्याशी बोलला.

"आईनं तुम्हाला शेवटचं काय विचारलं होतं?"

म्हटलं, कधी येणार म्हणून. पण ते तर ती नेहमीच विचारायची.

तो आत जाऊन चित्राशेजारी बसला. वारा सुटला होता, पिंडावरचे तीळ उडायला लागले. गुरुजी वाट बघत होते, त्यांना पुढं अजून चार घरं होती, सगळी आजच्याच दहाव्याची.

येतो असं मी कावळ्याला सांगितलं नाही. विमानं बंद आहेत, कधी सुरू होतील कुणाला माहीत, गेलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं? मी गुरुजींना म्हटलं, दर्भाचा करा. दर्भ इथं मिळत नाही. खालच्या हिरवळीतून गवत आणलं, त्यांनी सांगितलं तशी गाठ मारली आणि तो गवताचा कावळा माझ्याच हातानं पिंडाला लावला. गुरुजी म्हणाले, शिवला.